भिंतीकडच्या ओळी

१

सहादू अण्णा भल्या सकाळी फाटकावर येऊन असे ओरडायला लागले, की 'पायरी'तली चहाची रांग जागच्या जागी थांबली.

"बाहेर काढा त्याला! कोन येडा हाय तो, बाहेर काढा आधी!"

स्नेहल विधाते तोंडातला ब्रश तसाच धरून व्हरांड्यात आली. तिला वाटलं, पुन्हा कुणाची तरी गाय आत शिरली असेल आणि पुन्हा गायीपेक्षा आपलंच जास्त चुकलं असेल. दिंडोरी रस्त्यावरच्या त्या गावाशेजारी राहून तिला या गोष्टींची सवय झाली होती.

'पायरी' म्हणजे इस्पितळ आणि घर यांच्या मधली जागा. स्किझोफ्रेनियासारखे आजार वर्षानुवर्षं भोगलेली मोठी माणसं इथं काही महिने, काही वर्षं राहत. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. बाकीचे उपचार म्हणजे वेळेवर उठणं, गोळी घेणं, भाजी निवडणं, भांडण झालं तर ते बोलून मिटवणं आणि एक दिवस एकट्यानं एसटीत बसून दिंडोरीहून साबण घेऊन येणं. फाटकाला दिवसा कुलूप नसे. गावाची सगळ्यात मोठी तक्रार हीच होती. स्नेहल इथली समाजसेविका, आणि आधीचा व्यवस्थापक कंटाळून गेल्यापासून व्यवस्थापकही. मोटार बिघडली की मेकॅनिकसुद्धा.

"अण्णा, झालंय काय ते तर सांगा."

"सांगतो कशाला? डोळ्यांनी बघा!"

'पायरी'च्या कुंपणभिंतीला लागूनच अण्णांची द्राक्षबाग होती. भिंतीकडच्या ओळींतल्या सगळ्या वेली गुडघ्याएवढ्या उंचीवर कापलेल्या होत्या. मनगटाएवढी जाड खोडं, खाली बुंधा एकीकडे आणि वर वेल तारांवर लोंबकळत. पानं माना टाकून बसली होती, कडांना वाळून पापडासारखी झाली होती. काढणीला महिनाही उरला नव्हता आणि घड लिबलिबीत होऊन लटकत होते.

स्नेहल मखमलाबादच्या माळ्याची पोर. उभं पीक मेलेलं बघणं काय असतं, ते तिला कुणी शिकवायला नको होतं.

"मी दोन दिस चांदवडला लग्नाला गेलो, काल राती आलो, आन सकाळी हे," अण्णांचा आवाज फाटला.

त्यांचा मुलगा जीवन बाजूला उभा होता. पंचविशीचा, उंच, डोळे तांबारलेले. "काल संध्याकाळी मी सोता फेरी मारली," तो म्हणाला. "सगळं हिरवंगार होतं. रातीतच केलंय हे."

"मी काय सांगत होतो, काका?" अण्णांचा पुतण्या महेश पुढं झाला. नाशिकच्या लोकांना फार्महाऊसचे प्लॉट विकायचे त्याच्या डोक्यात होतं, आणि 'पायरी' हटवा म्हणून गावभर सह्या त्यानंच गोळा केल्या होत्या. "वेड्यांना मोकळं सोडल्यावर दुसरं काय होणार?"

"पुरावा आहे का काही?" स्नेहल कडाडली. "का उगाच तोंडाला येईल ते—"

"अण्णा," तिच्या मागून शांत आवाज आला.

भिंतीपलीकडे कुंदन उभा होता. हातात चहाचा कप, खांद्यावर टॉवेल.

"वेली मी तोडल्या," तो म्हणाला.

२

त्या क्षणी स्नेहलला काही वाटलं असेल, तर कुंदनच्या एक थोबाडीत द्यावी. चाळिशी ओलांडलेला हा माणूस दीड वर्षापूर्वी आला, तेव्हा आंघोळीलासुद्धा हाताला धरून न्यावं लागत होतं. आता तो स्वतःच्या गोळ्या स्वतः घेई, एकटा दिंडोरीचा बाजार करी, आणि पुढच्या महिन्यापासून एका रोपवाटिकेत कामाला जाणार होता. एवढं सगळं करून, कप हातात धरून, मी तोडल्या म्हणे!

फौजदार खैरनार दुपारी आले. पोट पुढं, घाई त्याच्याही पुढं.

"कशानं तोडल्या?" त्यांनी विचारलं.

"कुऱ्हाडीनं," कुंदन म्हणाला.

"का?"

"त्या रडत होत्या. मोकळं कर म्हणत होत्या. बाप बाजारला गेला होता. भोकरी पिकायला आली होती, चांगली गोल गोल, आन मी सपासप..." त्यानं हवेत हात मारून दाखवला. "मग मला धरलं."

"कुणी धरलं? कुणीच धरलं नाही तुला," स्नेहल म्हणाली.

"मॅडम, मध्ये बोलू नका." खैरनारांनी वही मिटली. "संपलं. गुन्हा कबूल."

"साहेब, ती खोडं करवतीनं कापली आहेत. खाली भुसा पडलाय, तुम्ही बघितला. हा कुऱ्हाड म्हणतोय."

"अहो, डोकं फिरलेला माणूस. त्याला कुऱ्हाड काय आणि करवत काय!"

"म्हणजे डोकं फिरलंय म्हणून त्याची कबुली खरी, आणि डोकं फिरलंय म्हणून त्यातला तपशील खोटा? साहेब, एक काय ते ठरवा."

खैरनारांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिचंही नाव या मुक्कामाच्या यादीत असावं. "परवा मी याला कोर्टापुढं उभा करतो. तिथून मोठ्या मनोरुग्णालयात. तोवर तुमच्याकडेच ठेवा. माझ्या लॉकअपात काही करून घेतलं तर माझी वर्दी जाईल."

मोठं मनोरुग्णालय. कुंदननं आयुष्याची अकरा-बारा वर्षं तिथंच काढली होती. तिथून बाहेर पडलेला माणूस पुन्हा आत गेला, तर रोपवाटिका, बाजार, एसटी, सगळं पुसलं जाणार होतं. आणि त्याच्या मागोमाग 'पायरी'सुद्धा. विश्वस्तांचा फोन आलाच होता. सहानुभूती दाखवून झाल्यावर ते म्हणाले होते, "गावाला दुखवून संस्था चालत नाही, स्नेहल. बघ, त्याला पाठवूनच दे."

तेवढ्यात झडती घेणारा शिपाई कुंदनच्या खोलीतून बाहेर आला. त्याच्या हातात छाटणीची कात्री होती.

"साहेब, गादीखाली सापडली."

३

"कात्री गादीखाली का ठेवलीस?" स्नेहलनं विचारलं.

"बाहेर ठेवली की भागुबाई घेऊन जाते," कुंदन म्हणाला. व्हरांड्यावरच्या द्राक्षवेलाची छाटणी तो त्या कात्रीनं करत असे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मग साहेबांना हे का नाही सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं नाही."

स्नेहलनं कपाळावर हात मारून घेतला. कात्रीनं करंगळीएवढी काडी कापता येते. मनगटाएवढं खोड कापायला बसलं, तर कात्री मोडेल आणि वर मनगटही. पण हे खैरनारांना सांगून उपयोग नव्हता. त्यांना गुन्हेगार मिळाला होता, गावाला वेडा मिळाला होता, महेशला प्लॉट मिळणार होते. सगळ्यांचं समाधान झालं होतं. तिचं तेवढं झालेलं नव्हतं.

ती भिंतीकडे निघाली तोच भागुबाई आडवी आली. साठीची बाई, जन्मभर भाजी पिकवलेली; आता आजार आटोक्यात होता, पण जीभ कधीच आटोक्यात आली नव्हती.

"ताई, माझ्या टोमॅटोचं काय केलं मंग? आठ दिस झाले सांगते, कुंदननं गरम पानी वतलं म्हणून!"

"मावशी, इथं माणूस तुरुंगात जायची वेळ आलीय आणि तुम्हाला टोमॅटोचं पडलंय?"

"पानं बघा तरी कशी मुरगळलीत!"

"नंतर बघते."

"नंतर म्हणजे कधी? मेल्यावर?"

स्नेहल तिला चुकवून राखणदाराच्या खोलीकडे गेली. राखणदार नाथा पूर्वी अण्णांच्याच बागेत होता. गेल्या दिवाळीत अण्णांनी त्याला तडकाफडकी काढला, तेव्हापासून तो 'पायरी'च्या फाटकावर बसे. गावात कुणी त्याचंही नाव घेतलं असतं, पण कुंदन आयता मिळाल्यावर कोण कष्ट घेणार?

"नाथाभाऊ, खरं सांगा. अण्णांवर राग आहे ना तुमचा?"

"हाय की," नाथा म्हणाला. "जीवननं चुगली केली आन अण्णानं काढलं. राग नसंल का? पन ताई, त्या येली मी लावल्यात. लेकरावानी हायेत. मानसावरचा राग येलीवर कोन काढतं?"

"या दोन दिवसांत बागेत कोण कोण होतं?"

"कोनीच नाय. अण्णा लग्नाला गेले, तशी जीवननं बायांनाबी सुट्टी देऊन टाकली. मला नवल वाटलं. ऐन मोसमात कोन सुट्टी देतं? जीवन मातर दिसला. एकटाच भिंतीकडं काय काय करत व्हता."

"काय करत होता?"

"आता भिंतीआडचं मला काय दिसतंय? फवारत असंल. तितं ट्रॅक्टर वळत नाय ना, भिंत आडवी येती. तेवढ्या ओळी पाठीवरच्या पंपानंच माराव्या लागत्यात. आधी मीच मारायचो."

महेशला गाठायला ती गावात गेली, तर तो चावडीसमोर मोटरसायकलवर बसून हसत होता. "मॅडम, मी दोन दिवस काकांबरोबर लग्नात होतो. जेवणाच्या पंगतीत वाढत होतो. अख्ख्या चांदवडला विचारा. आणि एक सांगू? मला वेली तोडायची गरजच काय? तुमचं तुम्हीच करताय की सगळं."

ते खरं निघालं. दोघाचौघांनी महेशच्या हातची जिलेबी खाल्ली होती.

संध्याकाळी ती व्हरांड्यात येऊन बसली. समोर कुंदननं वाढवलेला वेल लोंबत होता. त्याच्याकडे बघता बघता तिला सकाळची ती पानं आठवली. पापडासारखी वाळलेली.

उठून तिनं कुंदनला हाक मारली. "या वेलाची एक चांगली जाड फांदी तोड. हो, आत्ताच. तोडून तशीच वर अडकवून ठेव."

"कशाला?"

"सांगते उद्या. तोड आधी."

"नाही," कुंदन मागे सरकत म्हणाला. "मी वेल नाही तोडणार, ताई. एकदा तोडला. पुन्हा नाही."

४

शेवटी फांदी तिनंच तोडली. भाजीच्या विळीनं, हात खरचटून घेत, मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार करत. तोडलेली फांदी तिथंच तारेवर अडकवली आणि ती झोपायला गेली.

सकाळी उजाडल्यावर तिनं आधी व्हरांडा गाठला. थंडीचे दिवस. फांदी दवानं ओली होती. पानं हिरवी, ताठ, जशीच्या तशी. रात्रीत काही झालंच नव्हतं. दुपारी ऊन तापल्यावर कुठं तिनं मान टाकली. पानांच्या कडा तर संध्याकाळीसुद्धा वाळल्या नव्हत्या.

मग अण्णांच्या वेली? ती तर एवढी जाड खोडं, त्यांच्या अंगात या फांदीच्या कितीतरी पट पाणी. त्या सुकायला आणखी वेळ लागणार. ज्या वेलींच्या कडा सकाळी सकाळी पापड झाल्या होत्या, त्या आदल्या रात्री तोडलेल्या असूच शकत नव्हत्या. निदान एक अख्खा दिवस, कदाचित दोन दिवसांचं ऊन त्यांनी खाल्लं होतं.

म्हणजे काम रात्रीचं नव्हतंच. आणि आदल्या दिवशी कुंदन दिवसभर स्नेहलच्याच बरोबर होता. त्याच्या गोळीसाठी दर महिन्याला रक्त तपासावं लागे. ते करायला दोघं नाशिकला गेले होते आणि परतीची गाडी चुकली म्हणून भांडत भांडत अंधार पडल्यावर आले होते. त्याच्या आदल्या दिवशी डॉक्टर आले होते, गटाची बैठक होती, आणि कुंदन समोरच बसून भागुबाईशी टोमॅटोवरून वाद घालत होता.

पण मग जीवन म्हणाला होता, काल संध्याकाळी फेरी मारली, सगळं हिरवंगार होतं. माळ्याच्या पोरीला फांदीवरून जे कळलं, ते द्राक्षवाल्याच्या पोराला अख्ख्या बागेवरून कळलं नाही? सुकलेल्या वेली त्याला हिरव्या दिसल्या?

जीवन खोटं बोलत होता.

आणि तिथंच घोडं अडलं. दिवसाढवळ्या करवत घेऊन ओळीच्या ओळी कापायच्या, तर वेळ हवा, मजूर नकोत, आणि कुणी पाहिलंच तर 'इथं काय करतोस' असं विचारायची कुणाची छाती नको. हे फक्त मालकाच्या पोराला जमतं. पण कारण? आपल्या बापाची बहरलेली बाग पोरगा स्वतःच्या हातानं का कापेल?

दुसरं कोडं त्याहून वैताग आणणारं होतं. कुंदननं तोडल्या नाहीत, तर तो शपथेवर का सांगत होता?

तिनं ऑफिसात जाऊन त्याच्या भावाला फोन लावला. फकिरा चांदवडच्या अलीकडे एका खेड्यात शेती करत होता. वर्षातून एकदा भेटायला येई, पाच मिनिटं बसे आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठे.

"फकिराभाऊ, कुंदन म्हणतो त्यानं भोकरी तोडली. भोकरी म्हणजे?"



"द्राक्षाची जुनी जात, ताई," फकिरा म्हणाला. "गोल मन्याची. आता ती कुठंच नाय. आमच्या आजोबानं लावली व्हती. त्यो आजारी पडला ना पयल्यांदा, तवा त्यानंच तोडली. कुऱ्हाडीनं. बाप बाजारला गेला व्हता."

"मग त्याला धरलं?"

"धरलं. मारलं. गोठ्यात बांधून ठेवलं बरेच दिस." फकिराचा आवाज खाली गेला. "वीस वरसं झाली त्याला."

स्नेहलनं फोन ठेवला. कुंदन एक अक्षरही खोटं बोलला नव्हता. वेली तोडणाऱ्याला बाहेर काढा असं अण्णा ओरडले, आणि त्यानं जन्मात एकदाच तोडलेल्या वेलींबद्दल खरं ते सांगून टाकलं. अण्णांच्या बागेत लांबट मण्यांची द्राक्षं होती. गोल मणी म्हटल्याबरोबर ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या लक्षात यायला हवं होतं. पण वेडा बोलत असताना कोण कशाला ऐकतंय?

हा विचार मनात आला आणि ती खुर्चीतच थबकली. वेड्याचं न ऐकणाऱ्यांत गेले आठ दिवस तीसुद्धा होती.

"भागुबाई!" ती ओरडतच बाहेर पळाली.

५

टोमॅटोचा वाफा भिंतीला लागून होता. भिंतीजवळच्या रोपांचे शेंडे पिळून काढल्यासारखे मुरगळले होते, नवी पानं बारीक, सुतळीसारखी. वाफ्याच्या अलीकडच्या टोकाला रोपं मात्र धडधाकट.

"मी सांगत नव्हते?" भागुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "गरम पानी!"

"गरम पाण्यानं पान करपतं, मावशी. हे करपलेलं नाही, पिळलंय."

स्नेहलनं हे आधी पाहिलं होतं. मखमलाबादला तिच्या चुलत्यानं एकदा गव्हातलं तणनाशक मारलेला पंप नीट न धुता टोमॅटोवर वापरला होता. अख्खं रान असंच पिळवटून निघालं, आणि चुलता महिनाभर वडिलांच्या समोर आला नव्हता.

ती भिंतीवर चढली. साडी अडकली, टरकन फाटली, नाथा खालून "ताई, ताई" करत राहिला. पलीकडे हात घालून तिनं कापलेल्या वेलीचा शेंडा ओढला. वाळला होता, तरी आकार लपत नव्हता. नवी पानं पंख्यासारखी चुणलेली, कडा दातेरी, शेंडा पिळलेला. दोन ओळी सोडून पुढची वेल पाहिली, ती छान सपाट पानांची.

जिथं ट्रॅक्टर वळत नाही आणि पाठीवरच्या पंपानं फवारावं लागतं, नेमक्या तेवढ्याच ओळी; आणि भिंतीवरून उडालेले शिंतोडे टोमॅटोवर.

६

दुसऱ्या दिवशी खैरनार कुंदनला न्यायला आले, तेव्हा स्नेहल म्हणाली, "चला, अण्णांच्या ओट्यावरून जाऊ. वाटेतच आहे."

"वाटेत नाहीये, मॅडम."

"मग वाट बदलू."

ओट्यावर अण्णा होते, महेश होता, खांबाला टेकून जीवन होता. कुंदन खाली मान घालून पायरीवर बसला. स्नेहलनं तोडलेली फांदी, टोमॅटोचं रोप आणि वेलीचा वाळका शेंडा ओट्यावर मांडला आणि फांदीला सुकायला लागलेल्या वेळेपासून एकेक गोष्ट सांगत गेली.

"फांदी वेगळी, खोड वेगळं," खैरनार मध्येच म्हणाले.

"खोडात पाणी जास्त असतं, साहेब. ते आणखी उशिरा सुकतं. म्हणजे माझं म्हणणं आणखीच खरं ठरतं."

वेलीचा शेंडा अण्णांनी उचलला, बोटांत फिरवला, मग टोमॅटोचं रोप त्याच्याशेजारी धरलं. म्हाताऱ्याला आणखी काही सांगावं लागलं नाही. परवा बागेतली ती खोडं बघताना त्यांनी शेंड्याकडे पाहिलंच नव्हतं.

"गव्हाला तणनाशक कोनी मारलं व्हतं?" अण्णांनी विचारलं. आवाज अगदी हळू.

जीवन खांबाआड सरकला.

"जीवन्या. पंप धुतला व्हता का?"

"धुतला होता," जीवन म्हणाला. मग त्यानं मान खाली घातली. "एकदा पाण्यानं. मला वाटलं तेवढा पुरेल. आठ दिवसांत शेंडे फिरले. तुम्ही म्हणाला होता, बाग तुझ्या हातात देतो, पण एक चूक झाली तर सातपूरला कंपनीत पाठवीन. तुम्ही लग्नावरून आलात आणि पाहिलं असतं, तर..."

"तर काय? मारलं असतं?"

"नेहमीसारखं हसला असता. सगळ्यांसमोर," जीवन म्हणाला. "कापल्यावर सगळंच सुकेल, शेंडे कोण बघतंय असं वाटलं. आणि भिंतीपलीकडे हे लोक होतेच. कुणाचं नावसुद्धा घ्यावं लागलं नाही मला. हा स्वतःच बोलला."

"आणि तू बोलू दिलंस!" स्नेहल भडकली. "हा माणूस परत कोंडला जाणार होता! कळतंय का तुला?"

अण्णा उठले. हात उगारला. महेश ऐनवेळी मध्ये पडेल असं वाटलं होतं, पण तो मोबाईलकडे बघत बसला. उठला तो कुंदन. त्यानं अण्णांचा हात धरला नाही, नुसता जीवनच्या पुढं येऊन उभा राहिला.

"मारू नका, अण्णा," तो म्हणाला. "मला मारलं होतं. मार खाल्लेला माणूस तेच तेच सांगत राहतो. पुढचं काही सांगताच येत नाही त्याला."

अण्णांचा हात तसाच खाली आला. ते ओट्यावर बसले. खैरनारांनी वही उघडली, पाहिली, मिटली.

"म्हणजे आता मला सगळं परत लिहावं लागणार," ते म्हणाले.

७

गावानं माफी वगैरे मागितली नाही. महेशच्या सह्या चालूच राहिल्या. आता त्याचं म्हणणं असं, की प्रश्न वेलींचा नाही, फाटकाच्या कुलपाचा आहे. विश्वस्तांनी फोन करून स्नेहलचं अभिनंदन केलं आणि यापुढं पोलिसांच्या कामात पडू नये असं सुचवलं. भागुबाईनं टोमॅटोवरून कुंदनशी बोलणं तरीही टाकलं ते टाकलंच.

आणि कुंदन रोज सकाळी येऊन म्हणे, "पण ताई, मी तोडल्या होत्या."

"हो रे बाबा, पण त्या दुसऱ्या. वीस वर्षांपूर्वीच्या. तुमच्या घरच्या."

"त्या अजून तशाच असतील."

"कशा?"

"तोडलेल्या. बुंधे उभे असतील. मला रोज दिसतात." तो थोडा थांबला. "मला बघायच्यात."

डॉक्टरांना विचारून, फकिराला कळवून, एका सकाळी दोघं एसटीनं निघाले. पिंपळगाव गेलं तशी कुंदननं खिडकी बंद केली. चांदवडच्या अलीकडे फाट्यावर तो सगळ्यात शेवटी उतरला. फकिरा न्यायला आला होता. भावाला काय म्हणावं हे दोघांनाही कळेना, म्हणून तिघं बांधावरून चालायलाच लागले.

रानात कांदा होता. नजर जाईल तिथवर कांद्याची हिरवी पात वाऱ्यावर हलत होती. एक बुंधा नाही, एक खांब नाही, तारेचा तुकडा नाही.

"बाग कुठाय?" कुंदननं विचारलं.

"कवाच काढली की," फकिरा म्हणाला. "तू निम्मी तोडली, उरलेली बापानं म्होरल्या साली काढली. भोकरीला बाजारच ऱ्हायला नव्हता. समद्या गावानं काढली. तू नसती तोडली तरी काढायचीच व्हती."

स्नेहलला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "हे तुम्ही त्याला वीस वर्षांत एकदाही सांगितलं नाही?"

"त्यानं इचारलं नाय," फकिरा म्हणाला.



कुंदन बांधावर उकिडवा बसला. समोरची पात त्यानं हातानं बाजूला केली, मातीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"काढायचीच होती," तो म्हणाला, "मग मला बांधलं कशाला?"

फकिरा त्याच्याशेजारी बसला.

"बाप घाबरला व्हता, कुंदन. तुला बघून. आमी समदेच घाबरलो व्हतो."

"मी पण," कुंदन म्हणाला.

स्नेहल चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. ऊन चढलं तशी तिनं घड्याळाकडे पाहिलं, कारण परतीची गाडी चुकवून चालणार नव्हतं.

"निघूया का, कुंदन?"

"तुम्ही जा, ताई. मी दोन दिवस राहतो."

"राहतो? असं कसं राहतोस? आणि गोळ्या?"

त्यानं शर्टाच्या खिशातून पाकीट काढून दाखवलं. "दोन दिवसांच्या आणल्यात. मला वाटलंच होतं, राहावंसं वाटेल म्हणून. परवा एकटा येतो एसटीनं."

"मग हे मला सकाळी निघताना सांगता येत नव्हतं?" स्नेहलचा इतक्या दिवसांचा सगळा वैताग एकदम उसळून वर आला. "मी डॉक्टरांना काय सांगू? परतीच्या दोन जागा धरून ठेवल्यात मी!"

"तुम्ही विचारलं नाही," कुंदन म्हणाला.

फकिरा एकदम खो खो हसायला लागला, आणि त्याचं बघून कुंदनही.